केल-कोलार्डची पानं कडू, राठ, त्यात फुलंही आली: वाफा मोडायचा की सांभाळायचा?

वाचकाचं पत्र

थंडी चालू असतानाच केलची १२ आणि कोलार्डची १२ तयार रोपं आणून लावली. रोपं चांगली मोठी होती, खोड पेन्सिलीएवढं जाड. वाफा १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब. एक ओळ केलची, एक कोलार्डची, दोन रोपांत २५ सें.मी. अंतर. पाच-सहा आठवडे भरपूर पानं मिळाली. आता दुपारी पारा ३० अंशांपर्यंत जातो. पानं लहान, राठ आणि कडू होत चालली आहेत. मी मधली कोवळी पानं तोडते, कारण बाहेरची जून वाटतात. खालची पानं पिवळी पडून गळतात. काही पानांवर काचेसारखे पारदर्शक डाग आहेत, काहींना भोकं आहेत आणि शेंड्यात राखाडी किडीची गर्दी आहे. साबणाचं पाणी मारलं तर पानावरून घरंगळून जातं. केलच्या दोन रोपांना पिवळी फुलंही आली. सगळं उपटून टाकू का? आणि पुढच्या वेळी काय वेगळं करू?

उत्तर

नमस्कार.

सगळं उपटू नका. फुलावर आलेली केलची दोन रोपं मात्र आजच काढा, ती आता खाण्यासारखी पानं देणार नाहीत. बाकीच्यांतली निम्मी रोपंही काढावी लागतील, त्याचं कारण पुढे येतंच. उरलेली वाचतील, त्यातही कोलार्ड नक्की वाचेल.

तुम्ही पाच-सहा तक्रारी लिहिल्या आहेत, पण त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकच आहे: रोपांची वाढ अडली आहे. केल आणि कोलार्ड कोबीचेच सख्खे भाऊबंद, पण ते गड्डा धरत नाहीत. आपल्याला मिळतं ते फक्त नवं पान. पान न थांबता वाढलं तर मऊ आणि गोडसर राहतं. पाणी कमी पडलं, नत्र संपलं, ऊन तापलं किंवा शेजारच्या रोपाने मुळांची जागा खाल्ली, की वाढ अडखळते, पान जाड होतं आणि कडवटपणा साठतो. मोहरीला जो झणका असतो तोच या कुळातल्या सगळ्या भाज्यांत कमीअधिक असतो. तो ग्लुकोसिनोलेट नावाच्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे येतो, आणि ताणाखालच्या रोपात ती जास्त जाणवतात. अशक्त रोपावर कीडही जास्त नुकसान करते, कारण खाल्लेल्या पानाची भरपाई करायला नवं पानच येत नाही.

आधी फुलांचं

ही दोन्ही झाडं द्विवर्षायू आहेत. एका हंगामात पानं, मग थंडीचा मुक्काम, मग फुलं आणि बी, असा त्यांचा क्रम. रोप अगदी लहान असताना थंडी लागली तर ते ती मोजत नाही. खोड पेन्सिलीएवढं जाड झाल्यावर मात्र साधारण १० अंशांखालच्या काही आठवड्यांच्या थंडीला रोप ‘हिवाळा झाला’ असं समजतं. पुढे ऊब आणि मोठे दिवस आले की मधला शेंडा सरळ वर निघतो, पानं अरुंद होतात आणि पिवळ्या कळ्या दिसतात. तुमची रोपं लावतानाच त्या जाडीची होती आणि समोर थंडी होती, त्यामुळे हे होणारच होतं. दांडा छाटून रोप परत पानांवर येत नाही. दांड्याच्या जागी चार बाजूंनी चार दांडे येतात. कळ्या उमलण्याआधीचा वरचा १०-१५ सें.मी. कोवळा भाग मात्र ब्रोकोलीसारखा खाता येतो आणि चवीला चांगला असतो. फुलंही खाण्यायोग्य आहेत.

तयार रोपं निवडताना मोठं रोप चांगलं वाटतं, पण या पिकात ते फसवं आहे. चार-पाच खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन दळं सोडून पुढची) आलेलं, बुटकं, गडद हिरवं, चार ते सहा आठवड्यांचं रोप घ्या. कुंडीतून काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ते घेऊ नका. अशा रोपाची वाढ एकदा अडलेलीच असते.

विरळणी आत्ताच करा

२५ सें.मी. अंतर फार कमी आहे. नीट वाढलेला कोलार्ड ६० सें.मी.पर्यंत पसरतो, केल ४० ते ४५ सें.मी. तुमच्या वाफ्यात दोन्ही ओळींतलं एक सोडून एक रोप काढा. म्हणजे अंतर ५० सें.मी. होईल आणि प्रत्येकी ६ रोपं राहतील. कोणतं ठेवायचं हे जागेपेक्षा रोपाकडे बघून ठरवा: ज्याचा शेंडा शाबूत आहे, खोड सरळ आहे आणि जे फुलावर आलेलं नाही, ते ठेवा. काढायचं रोप उपटू नका, जमिनीलगत धारदार सुरीने कापा. उपटताना शेजारच्या रोपाची मुळंही तुटतात आणि तेही आठवडाभर मागे पडतं. निम्मी रोपं कापताना हात थरथरतो, हे खरं. पण ६ मोकळी रोपं १२ दाटलेल्या रोपांइतकी, पुष्कळदा त्याहून जास्त आणि चांगली पानं देतात.

पानं तोडण्याची पद्धत बदला

तुमच्या वाफ्याला सगळ्यात जास्त नुकसान कशाने झालं असेल तर मधली पानं तोडण्याने. रोपाचा वाढीचा बिंदू तिथेच, सगळ्यात आत असतो. रोज तिथलं कोवळं पान खुडलं की रोपाकडे राहतात ती फक्त म्हातारी पानं. ती कडक होतात आणि मग पिवळी पडतात. त्यामुळे तुम्हाला बाहेरची पानं जून वाटतात, आणि म्हणून तुम्ही परत आतली तोडता. हे चक्र इथेच थांबवा.

तोडणी बाहेरून, खालून वर. पान तळहाताएवढं किंवा थोडं मोठं झालं की तोडायचं, पसाएवढं होण्याची वाट बघायची नाही. कोलार्डचं पान केलपेक्षा मोठं असतानाही चालतं, साधारण २० ते २५ सें.मी. लांब. देठ खोडाजवळ धरून खाली आणि किंचित बाजूला झटका दिला की पान स्वच्छ निघतं. देठाचा खुंट ठेवू नका, तो सडतो. एका वेळी रोपावरच्या पानांतली एक तृतीयांशपेक्षा जास्त काढू नका, आणि वर किमान ६ ते ८ पानं शेंड्यासकट राहू द्या. वाढीच्या दिवसांत दर ५ ते ७ दिवसांनी तोडणी येते. खायचं नसलं तरी तोडा. वेळेवर न काढलेलं पान रोपाचा फायदा करत नाही, जून होऊन किडीला आसरा देतं.

आता या वेळेपुरतं: सध्याची खालची सगळी पिवळी, भोकं पडलेली, राठ पानं काढून टाका, निरोगी असतील तर कंपोस्टात घाला. मग दोन आठवडे तोडणी पूर्ण बंद ठेवा. ज्या रोपांचा शेंडा खुडला गेला आहे त्यांच्या पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतील. त्यातले एक-दोन जोमदार ठेवा, बाकीचे बोटभर झाले की खुडून खा.

पिवळेपणा कशाचा, हे ओळखा

तुम्ही लिहिलेला पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो. अख्खं पान एकसारखं फिकट होत पिवळं पडत असेल तर ती नत्राची कमतरता आहे. वाढतं रोप जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होत असेल, तोही जुन्या पानांवर, तर मॅग्नेशियम कमी आहे.

तिसरी शक्यता नीट तपासा, कारण तिचा उपाय वेगळा आहे. पानाच्या कडेपासून आत येणारा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा पिवळा डाग, टोक मधल्या शिरेकडे, आणि त्यातल्या बारीक शिरा काळ्या, असं दिसलं तर तो घाण्या रोग आहे. तो जिवाणूमुळे होतो, बियाण्यातून येतो आणि पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरतो. त्याला बरा करणारं औषध नाही. असं रोप पूर्ण काढून वाफ्याबाहेर न्यायचं, कंपोस्टात घालायचं नाही, आणि पानं ओली असताना वाफ्यात हात घालायचा नाही. घरचं किंवा खात्री नसलेलं बी असेल तर पेरण्याआधी ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटं ठेवून लगेच थंड पाण्यात घाला, मग पसरून सुकवा. थर्मामीटरशिवाय हा प्रयोग नको. दोन-चार अंश जास्त झाले तर उगवण मरते, कमी झाले तर जिवाणू राहतो.

तुमच्याकडे नत्राचीच कमतरता असावी. २४ रोपांनी पाच-सहा आठवडे भरपूर पानं दिली आणि वरखताचा पत्रात उल्लेख नाही. विरळणीनंतर माती वरवर हलवून प्रत्येक रोपाभोवती, खोडापासून १५ सें.मी. सोडून, दोन ओंजळी चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत टाका. त्यासोबत पेंड घालायची असेल तर चौरस मीटरला १०० ग्रॅम पुरे, तुमच्या वाफ्याला ३५० ग्रॅमच्या आसपास. पेंड मातीत मिसळा, वर ठेवली तर बुरशी आणि माश्या येतात. युरिया वापरत असाल तर एका वेळी चौरस मीटरला १० ग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि दिल्यावर लगेच पाणी. पेंडीचा परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, युरियाचा आठवड्यात दिसतो. पण नत्राचा अतिरेक झाला की पान लुसलुशीत होऊन मावा दुप्पट येतो. दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं, हीच या पिकाची पद्धत.

पाणी

आठवड्याला २५ ते ४० मि.मी. पाणी लागतं. १ मि.मी. म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, त्यामुळे तुमच्या ३.६ चौरस मीटरच्या वाफ्याला ९० ते १४५ लिटर, दोन किंवा तीन वेळांत विभागून. उन्हाच्या आठवड्यात वरची बाजू धरा. रोज थोडं थोडं शिंपडणं मात्र वाईट: मुळं वरच्या ५ सें.मी.त राहतात आणि एक दिवस चुकला की रोप ताणात जातं. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घाला, तिथे कोरडं लागलं तर पाणी द्या. सकाळी द्या, मुळाशी द्या. ठिबक असेल तर उत्तम.

मग ५ ते ७ सें.मी. जाडीचं आच्छादन घाला: वाळलेलं गवत, पेंढा, सुका पाला, काहीही. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. गरम दिवसांत मातीचं तापमान आणि ओल या दोन्ही गोष्टी आच्छादनाने सांभाळल्या जातात, आणि पावसाच्या थेंबांनी माती पानांवर उडत नाही. केलच्या कुरळ्या पानांत अडकलेली माती धुणं किती जिकिरीचं असतं हे तुम्हाला माहीत असेलच.

दुपारी माती ओली असूनही रोप माना टाकत असेल, तर एक रोप मुळासकट काढून बघा. मुळं सुजून जाड, वेडीवाकडी, गाठाळ झाली असतील तर तो गाठी रोग. त्याचे बीजाणू मातीत १५-२० वर्षं टिकू शकतात, म्हणून ते रोप आणि मातीने माखलेली अवजारं दुसऱ्या वाफ्यात नेऊ नका. आम्ल मातीत हा रोग फोफावतो. सामू (pH, मातीच्या आम्लतेचं माप) ७.२ च्या आसपास आणला तर तो बराच आवरतो, त्यासाठी माती तपासून मगच चुना घाला. रोग नसलेल्या मातीत सामू ६.० ते ७.५ असला की पुरतं. मुळं पोखरलेली आणि आत पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती मुळमाशी. नुसतं कडक उन्हामुळे माना टाकल्या असतील तर संध्याकाळी रोप आपोआप ताठ होतं, त्याची काळजी नको.

कीड: तुमच्याकडे दोन-तीन वेगळ्या आहेत

काचेसारखे डाग हे चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळीचं काम. ती हिरवी, जेमतेम १ सें.मी. लांब, दोन्ही टोकांना निमुळती असते. पानाच्या खालून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते, म्हणून ती खिडकी दिसते. बोट लावलं की वळवळते आणि धाग्याने खाली लोंबकळते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत तिची एक पिढी पूर्ण होते, म्हणून ‘मागच्या महिन्यात फवारलं होतं’ याला अर्थ नसतो. मोठी भोकं बहुधा पांढऱ्या फुलपाखराच्या अळीची. तिच्याखाली हिरवी ओली विष्ठा दिसते. पानावर छर्रे मारल्यासारखी असंख्य बारीक भोकं असतील तर ते उड्या मारणारे पिसू भुंगेरे. ते लहान रोपांना घातक, मोठ्यांना फारसे नाहीत.

अळ्यांसाठी रोज सकाळी पाच मिनिटं पानं उलटून बघणं, पिवळसर अंडी चिरडणं, अळ्या वेचणं, हे १२ रोपांना पूर्ण पुरतं. फवारायचंच असेल तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसच्या कुर्स्ताकी जातीचं जैविक औषध, लेबलावरच्या प्रमाणात. ते अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, म्हणून पानाच्या खालच्या बाजूला पोचलं पाहिजे. लहान अळीवर चांगलं चालतं, मोठीवर कमी. उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी फवारा आणि ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. एकच औषध सतत वापरू नका. चौकोनी ठिपक्यांचा पतंग औषधांना फार लवकर सरावतो, उघड्या शेतात बीटीला दाद न देणारी पहिली कीड हीच होती.

शेंड्यातली राखाडी गर्दी म्हणजे कोबीवरचा मावा. त्याच्या अंगावर मेणाची भुकटी असते, पानावरही मेणाचा थर असतो, म्हणून पाणी घरंगळतं. बीटीचा माव्यावर काही उपयोग नाही. आधी सगळ्यात गुंडाळलेली पानं काढून टाका. मग हाताने आधार देऊन शेंड्यावर पाण्याची जोरदार धार सोडा, तीन दिवसांत तीन वेळा. खाली पडलेला मावा बहुतेक परत चढत नाही. उरलेल्यासाठी १ लिटर पाण्यात ५ मि.लि. पोटॅश साबण, बारीक फवाऱ्याने, खालून वर. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा तीव्र साबण नको, त्याने पानावरचं मेण जातं आणि पान भाजतं. आधी एकाच पानावर मारून एक दिवस थांबा. साबण फक्त ओला असताना आणि थेट अंगावर पडला तरच मावा मारतो. वाळलेल्या साबणाचा परिणाम शून्य, म्हणून भर उन्हात मारलेलं वाया जातं.

फवारण्याआधी भिंगाने नीट बघा. माव्यात काही फुगलेले, तपकिरी, कागदासारखे दिसले तर त्यांच्या आत परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लू आहे. मेलेल्या अळीशेजारी पिवळ्या कोशांचा पुंजका दिसला तर तोही मित्रकिडीचाच. ती पानं तोडू नका, फवारूही नका. ढालकिड्यांच्या अळ्या काळ्या, काटेरी आणि दिसायला भीतीदायक असतात, पण त्या दिवसभर मावाच खातात.

पुढच्या हंगामात यातली बहुतेक कटकट जाळीने वाचेल. ०.८ मि.मी. छिद्राची कीटकरोधक जाळी कमानींवर, लावणीच्याच दिवशी टाका आणि कडा मातीत दाबा. आठवड्याने टाकली तर अंडी आतच राहतात. जाळी पानांना टेकू देऊ नका, फुलपाखरू वरून पानावर अंडी घालतं. पानासाठी पीक घेत असल्यामुळे परागीभवनाची गरज नाही, त्यामुळे जाळी शेवटपर्यंत राहिली तरी हरकत नाही.

सध्याच्या गरमीत काय टिकेल

या पिकाला १५ ते २० अंश सगळ्यात मानवतात. २७-२८ अंशांच्या वर केलचं पान झपाट्याने राठ होतं. कोलार्ड उष्णता बराच जास्त सोसतो, पान थोडं जाड होतं एवढंच. म्हणून कोलार्डवर जास्त मेहनत घ्या. दुपारच्या उन्हापुरती ३० ते ५० टक्क्यांची सावलीची जाळी लावा, पण सकाळचं चार-पाच तास ऊन मिळू द्या. केलची ६ रोपं महिनाभर बघा. नवं पानही कडूच येत असेल तर ती काढून जागा मोकळी करा. गरमीत केल ओढूनताणून जगवण्यात अर्थ नाही, तेवढी मेहनत नव्या रोपवाटिकेत घाला.

थंडीचा उलटा परिणाम होतो. पारा शून्याजवळ आला की रोप स्टार्चची साखर करतं, त्यामुळे पेशीतलं पाणी सहज गोठत नाही आणि पान खरोखर गोड लागतं. हळूहळू थंडीला सरावलेला केल उणे १० अंशांच्या आसपासही तग धरतो, कोलार्ड त्याहून थोडा नाजूक. गोठलेलं पान हाताळू नका, ते तुटतं. दुपारी वितळल्यावर तोडा.

पुढचा हंगाम

पेरणी हवा थंड होण्याच्या दिशेने जात असताना करायची, उलट नाही. जिथे दहिवर गोठतं तिथे पहिल्या गोठणीच्या १० ते १२ आठवडे आधी. जिथे कधीच गोठत नाही तिथे दिवसाचा पारा ३० च्या खाली उतरू लागला की. अशाने रोप गरमीत लहान असतं आणि पानं द्यायला लागतं तेव्हा थंडी असते.

४-५ सें.मी.च्या कप्प्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येकी दोन बिया, १ सें.मी. खोल. २० ते २५ अंशांत पाच ते सात दिवसांत उगवतात. दोन्ही उगवल्या तर एक कात्रीने कापा. उगवल्याबरोबर भरपूर उजेड द्या, नाहीतर रोप दोऱ्यासारखं लांबतं. रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी जास्त आणि वारा कमी आहे. ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून पाणी द्या आणि वरचा थर मधूनमधून वाळू द्या. लावणीआधी आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून रोपं काटक करा.

वाफ्यात ५ सें.मी. जाड कंपोस्ट, म्हणजे तुमच्या मापाला १८० लिटर, वरच्या वीतभर मातीत मिसळा. रोप पहिल्या खऱ्या पानांपर्यंत खोल लावा. भोवतीची माती मुठीने घट्ट दाबा, पोकळ मातीत हे पीक डोलतं आणि मुळं तुटतात. तपासायचं असेल तर एका पानाचं टोक चिमटीत धरून ओढा: रोप हललं तर लावणी सैल आहे, पानाचा तुकडा हातात आला तर नीट झाली. केल ४० सें.मी.वर ७ आणि कोलार्ड ६० सें.मी.वर ५ रोपं त्याच वाफ्यात छान मावतील. कोलार्ड उंच झाल्यावर खोडाला मातीची भर द्या, वारा असेल तर काठीचा आधार.

पण ‘त्याच वाफ्यात’ म्हणजे मापाने, जागेने नव्हे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, मोहरी, सलगम हे सगळं एकच कुळ. ज्या मातीत यातलं काही नुकतंच होतं तिथे तीन ते चार वर्षं हे कुळ परत नको. जागाच एक असेल तर २० लिटरची, किमान ३० सें.मी. खोल कुंडी, एका कुंडीत एक रोप.

वाणांबद्दल थोडक्यात. कुरळा केल थंडीत सर्वांत चिवट, पण मावा त्याच्या चुण्यांत लपतो. लॅसिनाटो, म्हणजे लांब, गडद, खवल्यांसारख्या पानांचा, तपासायला आणि धुवायला सोपा, चवीला सौम्य. सुरुवात त्यानेच करा. रेड रशियनचं पान सगळ्यांत कोवळं. कोलार्डमध्ये जॉर्जिया सदर्न उष्णतेला चांगला, व्हेट्स बुटका आणि लहान वाफ्याला सोयीचा.

बी धरायचं असेल तर

फुलावर आलेल्या त्या दोन रोपांचं बी मुळीच धरू नका. लवकर फुलणाऱ्या रोपाचं बी धरलं की पुढची पिढीही लवकर फुलते. बी हवं असेल तर सगळ्यांत उशिरा फुलणारी, चांगल्या पानांची किमान ६ रोपं एकत्र ठेवा. एकट्या रोपाला स्वतःच्या परागाने फारसं बी धरत नाही. त्याच वेळी जवळपास कोबी, ब्रोकोली किंवा नवलकोल फुलत असेल तर संकर होतो. केल आणि कोलार्डही एकमेकांत संकरित होतात, म्हणून एका वर्षी एकाचंच बी. (रेड रशियन वेगळ्या प्रजातीचा असल्यामुळे त्याचा यांच्याशी सहसा संकर होत नाही.) शेंगा पिवळट-तपकिरी होऊन कुरकुरू लागल्या की फांद्या कापून कापडावर सुकवा, उशीर झाला तर त्या उकलून बी जमिनीवर सांडतं. कोरड्या, थंड जागी ठेवलेलं बी साधारण चार वर्षं चांगलं उगवतं. पाकिटावर वाणाचं नाव आणि साल लिहून ठेवा.